अकरा बायकांचा एकच नंबर

माझं अक्षर वाईट आहे, हे आधीच सांगते. चौथीपर्यंत शाळा झाली, आणि त्या चौथीतलंही अर्धं वर्ष मी आई-बापासंगं उसाच्या फडात होते. जोडाक्षर आलं की माझा हात अडखळतो आणि ऱ्हस्व-दीर्घ मी अंदाजानं देते. मुलीच्या सहावीच्या वहीत मागं कोरी पानं उरली होती, त्यांत हे लिहिते आहे. वाचायला कुणी येईल असं वाटत नाही. आलंच तर चुका पोटात घालाव्यात, आणि एखादी ओळ लागलीच नाही तर ती सोडून पुढं जावं. वर्तमानपत्र मीही तसंच वाचते.

लिहायचं कारण एवढंच, की माझ्या कर्जाची गोष्ट आमच्या गावात पाच-सहा तऱ्हांनी सांगतात. माझ्या थोरल्या जाऊबाई सांगतात त्या तऱ्हेत पोलिसांची गाडी येते. गाडी कधीच आली नव्हती, पण त्या इतकं रंगवून सांगतात की मधी बोलायचं माझ्या जिवावर येतं. तसं मला कुठंही बोलायचं जिवावरच येतं. एसटीत माझं गाव मागं गेलं तरी मी कंडक्टरला हाक मारत नाही, पुढच्या थांब्यावर उतरून चालत परत येते. नवरा म्हणतो, तुझ्यामुळं आपल्या घरी कधी भांडण होत नाही, आणि म्हणून मला करमत नाही.

आमचं गाव केज तालुक्यात. बाजाराला युसूफ वडगाव. दसरा झाला की गावातली अर्धी घरं कुलूप लावून ऊस तोडायला जातात, कुणी सांगलीकडं, कुणी कर्नाटकात, ती उन्हाळ्यातच परत येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकट्या माणसाला मुकादम घेत नाही. आमच्या घरी मात्र सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. म्हणून चार वर्षं मी गावातच राहिले, आणि नवरा कडा गावच्या कारखान्याकडं एका मालकाच्या ट्रॅक्टरवर ऊस वाहायला एकटा जायचा.

बचत गटात आम्ही अकरा जणी. अध्यक्ष जाऊबाई. गटाची नोंद करायला आलेल्या मॅडमनी "अध्यक्ष कोण" असं विचारलं तेव्हा बाकीच्या एकमेकींकडं बघत होत्या आणि जाऊबाई बोलायला लागल्या होत्या, एवढीच निवडणूक झाली. पुढं बायकांना छोटी कर्जं देणारी एक कंपनी गावात आली. कुणी शेळ्यांसाठी घेतलं, कुणी शिलाई मशीनसाठी. मीही दोन शेळ्या घेतल्या. फॉर्म भरताना मोबाईल नंबरचा रकाना आला आणि तिथं गाडं थांबलं. दहा जणी सहा महिने बाहेर असणार. घरात फोन असला तर तो नवऱ्याच्या खिशात, आणि दरवर्षी ज्या मुलखात जातील तिथं नवं सिमकार्ड. बारा महिने गावात राहणारा फोन एकच होता, माझा, आणि तो कोनाड्यात असायचा.

जाऊबाईंनी फॉर्म भरणाऱ्याला सांगितलं, "समद्यांच्या फुडं हाच लंबर टाका. ही कुठं जात न्हाई, कुनाशी बोलत न्हाई. फोन कायम मोकळा असतोय."

त्याला घाई होती. त्यानं टाकला.

मग मला काम लागलं. हप्ता भरताना सांगायचे चार-सहा आकडी नंबर कंपनीकडून माझ्या फोनवर यायचे, ते कुठल्या बाईचे हे लक्षात राहावं म्हणून मी चुलीशेजारच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवायची. तिकडून फडातून ड्रायव्हरच्या नाहीतर मुकादमाच्या फोनवरून बायका विचारायच्या, "आला का गं लंबर?" मी वाचून दाखवायची. तेवढं जमायचं, त्यात बोलणं काही नव्हतं, नुसते आकडे.

अवघड गेलं ते दुसरंच. अधूनमधून कंपनीतून एखादी मुलगी फोन करायची आणि गटातल्या कुणाचं तरी नाव घेऊन विचारायची, "आपण अमुक बोलताय का?" पहिल्यांदा असा फोन आला तेव्हा मी मनात उत्तर जुळवलं. ती इथं नाही, ती कर्नाटकात ऊस तोडायला गेली आहे, मी तिच्या गटातली, तिचा फोन नसतो म्हणून माझा नंबर दिला आहे, ती उन्हाळ्यात येईल. एवढं सगळं परक्या माणसाला सांगणं माझ्याच्यानं होईना. मी म्हणाले, "हो."

ती मुलगी खूष झाली. "हप्ते वेळेवर भरताय ना?" हो. "कर्ज शेळ्यांसाठीच वापरलं ना?" हो. "शेळ्या कशा आहेत?" बऱ्या आहेत. फोन संपला. अर्ध्या मिनिटात सुटका झाली, मला वाटलं हे बरं आहे. त्यापुढं ज्या बाईच्या नावानं फोन येईल ती मी झाले. हप्ते तर सगळ्या जणी वेळेवर पाठवतच होत्या, मग खोटं काय बोलले, असं मी स्वतःला समजावलं. एकीची शेळी कुत्र्यांनी मारली होती, ती मी "बरी आहे" म्हणून सांगितली, तेवढं मात्र दोन दिवस मनाला लागलं. जिची शेळी तिला हे सांगावं असंही वाटलं होतं. पण ते सांगायचं म्हणजे पुन्हा बोलणं आलं.

अकराच्या अकरा कर्जं फिटली. मी हे सगळं विसरून गेले.

मग सासूबाई गेल्या. त्याच वर्षी नवऱ्याच्या मालकानं ट्रॅक्टर विकला. गणपती बसायच्या आत मुकादम दारात. ओट्यावर टेकला, चहा घेतला आणि नवऱ्याला म्हणाला, "आता अडचन काय ऱ्हायली? दोगं चला. उचल आजच देतो." उचल म्हणजे हंगामाआधी घ्यायचे पैसे. ते एकदा घेतले की सहा महिने त्याचे झालात.

माझी मुलगी तेव्हा सातवीत होती. मागं ठेवावी असं घर नव्हतं. ती आमच्याबरोबर आली असती तर शाळा सुटली असती, आणि अशी सुटलेली शाळा पुन्हा कशी धरता येत नाही हे मला कुणी सांगायला नको. मी नवऱ्याला म्हणाले, आपण मिरची कांडपाचं यंत्र घेऊ. गावात ते नव्हतं. उन्हाळ्यात बायका डोक्यावर मिरचीची पोती घेऊन युसूफ वडगावला जायच्या, दिवसभर नंबर लावून बसायच्या. नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी एवढं सलग बोलले याचंच त्याला नवल वाटलं असावं. मुकादमाला त्यानं सांगितलं, "बँकेचं काय व्हतंय बघतो, मग सांगतो."

केजला बँकेत जाताना मी जाऊबाईंना बरोबर नेलं, बोलायला.

कर्जाच्या साहेबांनी कंप्युटरमध्ये माझं नाव घातलं. थोडा वेळ बघितलं. चष्मा काढून पुसला, परत बघितलं.

"ताई, कर्ज देता येणार नाही."

मी एकटी असते तर बरं म्हणून उठले असते. जाऊबाई म्हणाल्या, "कावून?"

"यांच्या नावापुढं इशारा लागलाय. फसवणुकीचा."

"कुनी फसवलं हिला?"

"यांना कुणी फसवलं नाही. यांनीच फसवल्याचा संशय आहे."

जाऊबाईंना खरंच हसू आलं. "सायेब, ही बाजारात भाव सुदिक करत न्हाई. मागतील तेवढे देती. ही काय फसवती?"

साहेबांनी समजावून सांगितलं. प्रत्येकाच्या कर्जाची नोंद ठेवणारी एक कंपनी असते, लांब शहरात. कुणी कधी किती घेतलं, कसं फेडलं, सगळं तिच्याकडं असतं. बँक आधी ते बघते. साहेब त्याला कर्जाची कुंडली म्हणत. माझ्या लग्नात कुंडली बघितली नव्हती, ती आता बघितली आणि तीत दोष निघाला. साहेबांनी कागद काढून दिला आणि वाचून दाखवला. एकाच मोबाईल नंबरवर अकरा कर्जं. आठ जणींचं आडनाव एक. गाव एक. सात जणींची जन्मतारीख एक जानेवारी. आधार कार्ड काढताना तारीख कुणाला सांगता आली नव्हती, वर्षच तेवढं अंदाजानं सांगितलेलं, म्हणून आमच्या गावच्या निम्म्या बायका एकाच दिवशी जन्मलेल्या आहेत. कंप्युटरनं या सगळ्याचा हिशोब लावून असं ठरवलं होतं, की या अकरा बायका नाहीतच, एकच बाई वेगवेगळ्या नावांनी कर्ज उचलते आहे. आणि ती बाई म्हणजे जिच्या नावावर सिमकार्ड, ती.

घरी आल्यावर नवऱ्यानं तो कागद उलटासुलटा करून बघितला. "मी एक केली म्हनून समजत व्हतो," तो म्हणाला, "निगाल्या अकरा. मुकादमाला सांगतो, उचल अकरा कोयत्यांची दे."

मी चुलीकडं तोंड करून बसले.

"आगं हास की जरा."

"दसऱ्याला किती दिस हायेत?" मी विचारलं.

मग तो हसायचा थांबला.

साहेब माणूस चांगला होता. त्यांनी सांगितलं, नोंद चुकीची असेल तर तक्रार करायचा तुम्हाला हक्क आहे, त्यांना तपासून उत्तर द्यावं लागतं. त्यांनीच अर्ज भरून दिला. आम्ही अकरा जणी निरनिराळ्या आहोत, नंबर सगळ्यांच्या संमतीनं एकीचा दिला होता, असं लिहिलं. अकरा आधार कार्डांच्या झेरॉक्स जोडल्या. त्या गोळा करताना जाऊबाईंनी गावभर सांगितलं, की मी कंपनीवर दावा लावला आहे. दोन बायका मला वकील कोण म्हणून विचारून गेल्या.

उत्तर दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात आलं. साहेबांनी बोलावलं. या वेळी त्यांचा चेहरा वेगळा होता, खुर्चीवर बसा असंही ते म्हणाले नाहीत.

"तक्रार फेटाळली. कर्ज देणाऱ्या कंपनीकडं फोनचं रेकॉर्डिंग आहे म्हणतात. वेगवेगळ्या नावांनी फोन केले, आणि दर वेळी एकच बाई हो म्हणाली. एकच आवाज."

"कुनाचा आवाज?" जाऊबाई म्हणाल्या. "आमी समद्या तर फडात व्हतो."

शेजारच्या टेबलावर पासबुक छापायचं मशीन कर्र कर्र करत होतं. मला वाटलं, आता गप्प राहिले तर सुटका होईल, घरी जाता येईल, आणि परवा उचल घ्यावी लागेल.

"माझा," मी म्हणाले.

जाऊबाई माझ्याकडं वळल्या. "काय माझा?"

"आवाज माझा हाय. त्यांनी इचारलं अमुक बोलताय का, तर मी हो म्हनले."

"समद्यांच्या नावानं?"

"समजावून सांगायचं म्हनलं तर लई बोलावं लागलं असतं."

साहेब टेबलावर पुढं झुकले. "किती वेळा झालं असं?"

"मोजलं न्हाई. बारा-पंधरा येळा आसल."

"माझ्या नावानंबी?" जाऊबाईंनी विचारलं.

"दोनदा."

"आन् काय काय म्हनलीस?"

"तुमी आमच्या सेवेवर समाधानी हाव का, आसं इचारलं व्हतं. मी हो म्हनले."

जाऊबाईंनी कमरेवर हात ठेवले. "मी कवा समाधानी व्हते गं?" त्या म्हणाल्या.

साहेबांनी तोंडासमोर फाईल धरली. फाईल हलत होती. बऱ्याच वेळानं त्यांनी ती खाली ठेवली, डोळे पुसले आणि मला बसायला सांगितलं. म्हणाले, "हे असंच्या असं लिहू. लपवलं तर तुम्ही खरंच फसवलं असं होईल." त्यांनी दुसरा अर्ज लिहिला. मी हळू हळू सांगत होते आणि ते लिहीत होते. मेलेल्या शेळीचंही लिहायला लावलं मी. ते नको म्हणत होते, त्याची गरज नाही म्हणत होते, पण मला ते आत ठेवायचं नव्हतं.

त्यांनी तिथूनच कुठं कुठं फोन लावले. ठरलं असं, की कर्ज देणाऱ्या कंपनीचा माणूस गावात येईल, सगळ्या बायका स्वतः बघेल, आणि प्रत्येकीचा आवाज नोंदवून घेईल. अकरा तोंडं आणि अकरा आवाज मिळाले तर इशारा निघेल. एकही कमी चालणार नाही.

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी सकाळी गाडी निगतीय," जाऊबाई म्हणाल्या. "मग एकदम उन्हाळ्यात."

कंपनीच्या माणसाला नेमका तोच दिवस मोकळा होता.

त्या सकाळी मारुतीच्या देवळापुढं ट्रक उभा होता. पत्र्याच्या पेट्या, गोधड्या, पाण्याच्या टाक्या, चुलीची लाकडं, एकीच्या कोंबड्या टोपलीखाली, असं सगळं वर चढलेलं. आमच्याही दारात एक गाठोडं बांधून ठेवलेलं होतं. ते नवऱ्यानं मला न विचारता पहाटे बांधलं होतं, आणि मीही ते सोडलं नव्हतं. मुकादम म्हणाला होता, "मी तुमच्यासाटी गाडी थांबवनार न्हाई. दिवाळी झाली की दुसरी जाती. तवर काय ते ठरवा. मग मला जोडी मिळल तिला घेईन."

कंपनीचा माणूस मोटारसायकलवर आला, उन्हानं लाल झालेला. सगळ्या बायका ट्रकच्या सावलीला ओळीनं उभ्या राहिल्या. त्यानं आधार कार्ड हातात घेतलं, तोंड बघितलं, फोन पुढं धरला. "नाव सांगा. मग नवऱ्याचं नाव सांगा. मग सांगा की कर्ज तुम्हीच घेतलं होतं."

पहिली बाई नाव बोलली आणि थांबली.

"नवऱ्याचं नाव?"

ती पदर चावायला लागली. मागच्या बायका हसल्या.

"आवो सायेब, नवऱ्याचं नाव आसं कसं घ्यायचं," जाऊबाई म्हणाल्या. "बिगर उखान्याचं?"

"उखाणा नको. नुसतं नाव घ्या."

"नुसतं कसं घ्यायचं?"

तो माणूस आमच्याकडचा नव्हता. त्यानं दोन-तीनदा समजावून बघितलं, वरून मुकादमानं भोंगा वाजवला, तेव्हा त्यानं हात टेकले. मग दहाही जणींनी उखाणे घेतले. फसवणुकीच्या चौकशीत ते कंपनीच्या फोनमध्ये नोंदवले गेले आहेत, अजूनही कुठंतरी असतील. जाऊबाईंचा सगळ्यांत लांब होता. त्यात महादेवाची पिंड आली, कारखान्याचा भोंगा आला, सोन्याचे मणी आले, आणि भाऊजींचं नाव यायच्या आत त्या माणसाला वाटलं संपलं, म्हणून त्यानं फोन बंद केला. त्यांनी परत पहिल्यापासून घेतला.

जिची शेळी मेली होती ती बाई मधल्या नंबरावर होती. तिचं झाल्यावर ती फोनपासून हलेना. "आनखी एक बोलायचं हाय," ती म्हणाली. "ही माझ्या नावानं जे बोलली ते मला मंजूर हाय. शेळीचं सोडून." आणि माझ्याकडं वळून, "मेलेल्या शेळीला बरी म्हनलीस व्हय गं? मला तर सांगायचं व्हतं, मी तिच्यासाटी रडत तरी नसते बसले." ट्रकवरची सगळी माणसं हसली. मला वाटलं जमीन दुभंगावी. पण तिनं जाता जाता माझ्या पाठीवर हात फिरवला.

शेवटी मी. माझं नुसतं नाव चालणार नव्हतं. कंपनीच्या माणसाला पूर्ण हकिगत हवी होती, माझ्याच आवाजात, म्हणजे जुन्या रेकॉर्डिंगशी ती ताडून बघता येईल. फोन कसे आले, कुणाकुणाच्या नावानं आले, मी काय उत्तर दिलं, का दिलं. पन्नास-साठ माणसं उभी होती. पोरं टायरवर चढून बसली होती.

मी म्हणाले, "मी तिकडं तोंड करते."

"करा."

मी ट्रकच्या मागच्या चाकाकडं तोंड केलं आणि बोलले. चाकाला वाळलेला चिखल होता, त्यात एक चपटा खडा अडकलेला होता. त्या खड्याकडं बघत मी एकेकीचं नाव घेतलं. तिच्या नावानं फोन आला तेव्हा ती कुठं होती ते सांगितलं. मला लाज वाटायची म्हणून मी हो म्हणत गेले, त्यात पैशाचा काही हेतू नव्हता, असं सांगितलं. मधी थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. किती वेळ बोलले माहीत नाही. नवरा म्हणतो, आपल्या संसारात मिळून बोललीस त्याहून जास्त.

"नवऱ्याचं नाव?" त्या माणसानं विचारलं. त्यानं आता कान तयार ठेवले होते.

मला उखाणा येत नाही. लग्नातही आला नव्हता. तेव्हा मी इतका वेळ खाली मान घालून उभी राहिले होते, की शेवटी कंटाळून बायका जेवायला निघून गेल्या. मी नुसतं नाव घेतलं. नवरा ट्रकवर भाऊजींच्या सामानाला दोर बांधत होता, त्याच्या हातातला दोर सुटला आणि एक पेटी खाली आली. कुणाला लागलं नाही. पेटीला पोचा पडला, तो अजून आहे, आणि जाऊबाई तो प्रत्येकाला दाखवतात.

ट्रक गेला. गाव एकदम रिकामं झालं.

ते पंधरा-वीस दिवस मला नीट आठवत नाहीत. गाठोडं कोपऱ्यात तसंच होतं, झाडताना मी ते सरकवायची आणि परत जागेवर ठेवायची. मुलगी शाळेत जात होती, तिला आम्ही काही सांगितलं नव्हतं, तरी ती रोज गाठोड्याकडं बघून दप्तर उचलायची. मुकादम एकदा येऊन उचलीचे पैसे नवऱ्यासमोर ठेवून बसला. नवऱ्यानं चहा पाजला आणि पैसे त्याच्या खिशात परत घातले. "दिवाळीपतूर थांबतो म्हनला व्हतास," तो म्हणाला. तो असं काही करेल असं मला वाटलं नव्हतं. रात्री जेवताना मी त्याला भाकरी जास्त वाढली, दुसरं काय करणार.

वसुबारसेला फोन आला. तशाच एका मुलीनं विचारलं, "आपण अमुक बोलताय का?" आणि माझंच नाव घेतलं. मी हो म्हणाले. ती म्हणाली, तक्रार मान्य झाली, इशारा काढला आहे, नवा कागद पाठवतो. मग तिनं तिच्या कामाचा प्रश्न विचारला, की आमच्या सेवेवर समाधानी आहात का. मी थोडा विचार केला आणि सांगितलं, "न्हाई. लई तरास झाला." ती म्हणाली, नोंदवून घेते. फोन ठेवल्यावर मला चांगलं वाटलं.

साहेबांनी दिवाळीनंतर आठ दिवसांत कर्ज मंजूर केलं. मुकादमाला दुसरी जोडी मिळाली. गाठोडं मी सोडलं, त्यातल्या गोधड्या उन्हात घातल्या.

यंत्र आलं तेव्हा मिरचीचा हंगाम नव्हता, म्हणून पहिले महिने आम्ही हळद आणि काळा मसाला कांडत बसलो. नवऱ्यानं यंत्र चालवायचं ठरलं, कारण गिऱ्हाइकाशी मी बोलणार नाही हे उघड होतं. पण त्याला मिरचीच्या वासानं शिंका येतात. एक सुरू झाली की वीस-बावीस येतात आणि भाव सांगायचा राहून जातो. दोन आठवड्यांत तो यंत्रामागं आणि मी वजनकाट्याजवळ, अशी अदलाबदल झाली. वजन, पैसे, कधी न्यायला या, एवढंच बोलायचं असतं. तेवढं मला येतं. कुणी घरच्या गोष्टी काढल्या तर मी यंत्र सुरू करायची खूण करते, मग काही ऐकू येत नाही.

उन्हाळ्यात टोळ्या परत आल्या. कंपनीनं सांगितल्यामुळं प्रत्येकीनं आपापलं सिमकार्ड घेतलं होतं. जाऊबाई पोचल्या त्याच दिवशी पाच किलो मिरची घेऊन आल्या. "मी अध्यक्ष हाय," त्या म्हणाल्या, "मला निम्म्यात." मी काटा बघून पूर्ण पैसे सांगितले. त्यांनी दिले, आणि गावात सांगितलं की मी त्यांच्याकडून दुप्पट घेतले. त्यामुळं इतर बायकांना माझा भाव स्वस्त वाटायला लागला.

हप्ते तीन वर्षांचे होते. पावसाळ्यात यंत्र बंद असायचं. त्या महिन्यांत शेळीचं दूध, नवऱ्याची मजुरी आणि एकदा माझ्या कानातलं, असं करून भरले. एकही चुकवला नाही. पुन्हा कुणी ती कुंडली काढून बघितली तर तीत चांगलं काही दिसावं, असं मला वाटायचं. या वर्षी मिरची चांगली झाली. आसपासच्या दोन गावांतूनही पोती आली. तेव्हा नवरा म्हणाला, दोन हप्ते राहिलेत, एकदमच भरून टाकू.

मी एकटीच केजला गेले. ते साहेब बदलून गेले आहेत, नवे कारकून तरुण आहेत, मला ओळखत नाहीत. पैसे मोजून घेतले, पावती दिली. मी काउंटरवरून हलले नाही. मागच्या माणसानं खाकरून दाखवलं. मी म्हणाले, "बेबाकी द्या." म्हणजे काही बाकी नाही असा दाखला. कारकून म्हणाला, पुढच्या आठवड्यात या. मी म्हणाले, आजच द्या, एसटीला पैसे पडतात. तो उठून आत गेला. अर्धा तास लागला. मी बाकावर बसून राहिले.

दाखल्यावर माझं नाव बरोबर होतं, गाव बरोबर होतं. सही आणि शिक्का बघितला, तारीख बघितली. कर्ज पूर्ण फिटलं आहे आणि बँकेचं माझ्याकडं काहीही येणं नाही, असं त्यावर लिहिलेलं आहे.